थंडीची माणसं बर्फात जातात

बरका गावच्या मासळीबाजारामागे एक लांबट, पांढरी, बिनखिडक्यांची इमारत आहे. तिला एकच जाड दार. दाराच्या अलीकडे ओमानचा उन्हाळा, पलीकडे उणे अठरा. बाकीच्या जगाला ऋतू बदलायला महिने लागतात. आम्हाला कडी पुरत असे.

मी या कोल्ड स्टोअरचा मेकॅनिक. कॉम्प्रेसर, ब्लोअर आणि दाराची रबरं हा माझा संसार. दुसरा, कायदेशीर संसार मस्कतमधल्या दार्सैतला, कृष्णमंदिरामागच्या गल्लीत, बायको आणि मुलगी असा. मूळचा मी कुडाळकडचा. तरुणपणी दशावतारात स्त्रीपार्ट करायचो. त्यामुळे रडणं, मूर्च्छा येणं आणि शाप देणं या गोष्टी मला कुठेही, मागाल तेव्हा करता येतात. कोल्ड स्टोअरमध्ये या कलेला भरपूर वाव होता. थोडा वेळ आत राहून बाहेर आलो की मी गोठून मरण्याचा असा प्रवेश रंगवायचो, की बाजारातले हमाल हातातल्या पेट्या खाली ठेवून बघत बसायचे.

या मरणांना कधीही न हसलेला एकमेव प्रेक्षक म्हणजे भाय. भाय आमचा फोरमन. रत्नागिरीकडचा, दाभोळच्या खाडीकाठचा मुसलमान. उंच, हाडकुळा, बोलायला कंजूष. मी दारात मरून पडलेला असताना तो माझ्यावरून पाय टाकून पुढे जाई आणि म्हणे, "नाटक्या, मरून झालं असंल तर ब्लोअरकडं बघ. आवाज करतोय."

त्याला थंडी वाजत नसे. निदान तसं तो कधी बोलला नाही. मी कुरकुर करायचो, तो करत नसे, आणि आम्हा दोघांत मर्द कोण यावर बाजारात कुणाचं दुमत नव्हतं.

भायने आमच्याकडे एक नियम घालून दिला होता. आत एकटा माणूस गेला की दुसऱ्याने दाराबाहेर थांबायचं आणि मधूनमधून दारावर दोन थापा मारायच्या. आतल्याने दोन थापांनी उत्तर द्यायचं. उत्तर आलं नाही तर दार उघडायचं, विचार करत बसायचं नाही. दाराला आतून कळ होती, पण ती मागे एकदा गोठून बसली होती. त्या वेळी आत कोण होतं ते भायने कधी सांगितलं नाही. पण थापेला उत्तर यायला जरा उशीर झाला की त्याचा चेहरा कसा होतो ते मी पाहिलेलं होतं, आणि मी पुढचं विचारलं नाही.

दुसरी एक युक्ती होती, ती कुणाची ते ठाऊक नाही. आतल्या जमिनीवर पेट्यांचं पाणी सांडतं आणि बुटात शिरतं. म्हणून आधी एक मोजा, त्यावर मासळीबाजारातली पातळ निळी पिशवी, तिच्यावर दुसरा मोजा आणि मग गमबूट. अर्धा तास आत काढायचा, बाहेर यायचं, उन्हात बूट काढून ठेवायचे. पाय ठणठणीत कोरडे. नवीन माणूस आला की ही दीक्षा आम्ही त्याला पहिल्याच दिवशी द्यायचो.

भायच्या पायांची गोष्ट मला एका गळामुळे कळली. दुपारच्या नमाजाआधी तो बाजाराच्या नळावर हातपाय धूत होता. मी शेजारी उभा राहून कुठलीतरी थाप मारत होतो. त्याने डावा पाय नळाखाली धरला, तेव्हा त्याच्या टाचेत गेदर मासा पकडायचा गळ रुतलेला मला दिसला. त्या गळाने पुरुषभर उंचीचा मासा होडीत ओढतात. तो टाचेत घेऊन भाय सकाळभर चपला घालून बाजारात हिंडला होता.

"भाय, पाय."

त्याने वाकून पाहिलं, दुसऱ्याच कुणाच्या पायाकडे बघावं तसं. "हा कधी लागला?"

"मला विचारतोस?"

"तू बडबडतोस ना सगळं, म्हटलं तुला ठावं असंल."

मग त्याने गळ काढला, रुमाल बांधला आणि पहिल्यांदा माझ्याशी सलग बोलला. साखरेचा आजार खूप जुना होता. पाय हळूहळू मेले होते. "घोट्याच्या खाली मी नायच. पाय जमिनीवर टेकला का नाय ते बघून कळतंय." आणि ही गोष्ट अर्बाबला, म्हणजे आमच्या मालकाला, कळता कामा नये. कोल्ड स्टोअरच्या माणसांची दरवर्षी डॉक्टरी तपासणी व्हायची. डॉक्टर विचारायचा, पायांना मुंग्या येतात का, बधिर होतात का. भाय नाही म्हणायचा. सुन्न पायाच्या माणसाला आत सोडत नाहीत, आणि आत न जाणाऱ्या फोरमनचं कोल्ड स्टोअरला काही काम नसतं. मग खलास. विमानात बसायचं आणि घर गाठायचं. गावी धाकटी मुलगी नर्सिंग शिकत होती. ती कामाला लागली की आपण होऊन राजीनामा द्यायचा, असं त्याने ठरवलं होतं.

"मी इथून चालत जाणार," तो म्हणाला. "कुणी काढला म्हणून नाय."

मी शब्द दिला. वर दशावतारी शपथही घेतली, रवळनाथापासून वेतोबापर्यंत सगळे साक्षीला बोलावून. तो म्हणाला, "एवढ्या लोकांना कशाला सांगतोस?"

आता अर्बाब. वय झालेला, बुटका, पांढऱ्या दाढीचा ओमानी. उमेदीची काही वर्षं मुंबईत काढलेली, त्यामुळे हिंदी सफाईदार. बायको गेल्यापासून तो दिवसभर बाजारात येऊन आमच्यात बसायला लागला होता. तिला म्हणे बर्फ बघायचा होता. दरवर्षी पुढच्या वर्षी जाऊ म्हणत राहून गेलं. एके दिवशी तो फोन घेऊन आला आणि आम्हाला एक व्हिडिओ दाखवला. तुर्कस्तानातलं एर्झुरुम नावाचं शहर. उंच पठारावर, शेकडो वर्षांचं जुनं. दगडी मशिदी, दगडी मदरसे आणि शहराच्या डोक्यावर एक पांढराशुभ्र डोंगर. पायांना लांब फळ्या बांधून माणसं त्या डोंगरावरून स्वतःला खाली ढकलून देत होती. राजीखुशीने.

"मेरे बेटे नहीं आते," अर्बाब म्हणाला. "बोलते हैं, बाबा, दुबई के मॉल में बर्फ है, उधर चलो. तुम दोनों ठंडी के आदमी. तुम मेरे साथ चलो."

मी आनंदाने तिथेच एक गिरकी घेतली. नंतर, अर्बाब गेल्यावर, मी त्याला म्हटलं की पायांचं काय. काहीतरी सबब सांगून टाक.

"थंडीचा माणूस थंडीला नाय म्हणाला तर तो विचारणार ना, का म्हणून." मग थोडा वेळ पेट्यांवर चुना मारल्यासारखं साचलेलं हिम नखाने खरवडत राहिला. "आणि बघूया की. इतकी वर्षं तू केलेली थंडी बघितली. एकदा अल्लानं केलेली बघू."

दार्सैतला बायकोने माझं फ्रीझरचं जाकीट धुवायला घेतलं, तर मी ते हिसकावून घेतलं. धुतलं की कापूस बसतो, ऊब जाते. "मग माशांचा वास घेऊन जा परदेशात," ती म्हणाली. मुलीने तिच्या अडखळत्या मराठीत वेगळीच काळजी सांगितली. "बाबा, तू तिकडे ते मरायचं अॅक्टिंग नको करू. ते लोक खरंच अॅम्ब्युलन्स बोलावतील."

एर्झुरुमच्या विमानतळाबाहेर आलो आणि पहिला श्वास घेतला, तर नाकातले केस ताठ उभे राहिले. हे ओळखीचं होतं. मी भायकडे पाहिलं, त्याने माझ्याकडे. आम्ही दोघेही नकळत मागे वळून दार शोधत होतो. बरक्यात थंडीला चार भिंती असतात आणि एक दार. इथे ती आकाशापर्यंत गेली होती आणि तिला बंद करणारा कुणी मेकॅनिक नव्हता.

बाकी शहर मला फार आवडलं, हे आता सांगताना विचित्र वाटतं, पण खरं आहे. कोळशाच्या धुराचा वास. वळचणींना टांगलेल्या बर्फाच्या सुया, माणसाएवढ्या. लांब काठ्या घेऊन दुकानदार त्या पाडत होते आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांना ओरडून बाजूला करत होते. दोन मनोऱ्यांचा एक जुना मदरसा. मनोऱ्यांच्या विटांत अजून कुठेकुठे निळी चकाकी शिल्लक. एका दगडी सराईत काळ्या दगडाच्या जपमाळा विकायला होत्या. अर्बाबने एक घेतली आणि दिवसभर मुठीत धरून फिरला. आमच्या मागे मात्र कुत्री फिरत होती. तिथली मोकाट कुत्री वासराएवढी असतात, आणि आमच्या जाकिटांत कित्येक वर्षांची सुरमई मुरलेली होती. मी अर्बाबला म्हटलं, बघा, तुमच्याबरोबर आम्ही दोन, आमच्याबरोबर ही सहा. सुलतानाचा लवाजमा यापेक्षा वेगळा काय असतो. अर्बाब बायको गेल्यापासून पहिल्यांदा पोट धरून हसला.

चहाच्या दुकानात त्यांची एक रीत पाहिली. साखर चहात घालत नाहीत. साखरेचा टणक खडा दाढेखाली धरतात आणि त्याच्यावरून कडक चहा घोटघोट ओढतात. भायने खडा उचलला.

"भाय, साखर," मी दबक्या आवाजात म्हटलं.

"चहात कुठं घातली?" तो म्हणाला आणि खडा दाढेत ढकलला.

दुसऱ्या दिवशी डोंगरावर गेलो. सकाळी हॉटेलच्या खोलीत आम्ही दोघांनी शेजारी बसून रीतसर तयारी केली. मोजा, निळी पिशवी, मोजा, बूट. पिशव्या भायने बरक्याहून घडी करून आणल्या होत्या. अर्बाबलाही देऊ केल्या. त्याने नाक मुरडलं आणि हॉटेलच्या दुकानातून लोकरीचे महागडे बूट घेऊन घातले.

डोंगरावर मी जे पाहिलं त्यावर मी आजही तासभर बोलू शकतो. बालवाडीची पोरं फळ्यांवरून सुसाट जात होती आणि त्यांच्यामागे मी, एक प्रौढ गृहस्थ, पार्श्वभागावर. मी तिथे सात प्रकारे पडलो, त्यांतले दोन प्रकार त्या डोंगरालाही नवे असावेत. अर्बाबने घसरगाडी भाड्याने घेतली. पांढरा पायघोळ दिशदाशा, वर तपकिरी कोट, डोक्याला मुसर गुंडाळलेला, अशा थाटात तो गाडीत बसला आणि भायने दोरी धरली. उतारावर सोडायचं, खाली धावत जाऊन पकडायचं, पुन्हा वर ओढत आणायचं. अर्बाब लहान मुलासारखा ओरडत होता, "एक बार और."

दुपारपर्यंत माझे पाय बोंबलायला लागले. पिशवीने पाणी आत येऊ दिलं नव्हतं, पण घामही बाहेर जाऊ दिला नव्हता. अर्धा तास आत आणि मग उन्हात, एवढ्यासाठीच ती युक्ती होती. इथे बाहेर येणं नव्हतंच. आतला मोजा ओलाचिंब, बर्फासारखा गार, बोटांना सुया टोचत होत्या. मी लगेच माझी ठरलेली आरडाओरड केली, डोंगरावरच्या चहाच्या खोलीत शिरलो, बूट काढले, पिशव्या फेकल्या आणि शेगडीसमोर पाय पसरून कण्हत बसलो. तिथल्या मालकिणीने न विचारता मला कोरडे मोजे आणून दिले. कुरकुऱ्या माणसावर जगात सगळीकडे दया करतात.

दारातून मी भायला हाक मारली. "आत ये. मोजे बदल."

तो दोरी खांद्यावर घेऊन चढ चढत होता. मागे गाडीत अर्बाब. "मना काय होत नाय," तो म्हणाला.

"पिशव्या ओल्या झाल्यात आतून."

"मना काय होत नाय रे."

अर्बाबच्या देखत मी आणखी काय बोलणार. पाय सुन्न आहेत म्हणून सांगणार? तो म्हणत होता ते खरंच होतं. त्याला काही होत नव्हतं. माझे पाय ओरडले म्हणून मी आत आलो. त्याचे ओरडणारे पाय कधीच गेले होते.

संध्याकाळी खोलीवर त्याने बूट काढले, मोजा काढला, पिशवी काढली. आतला मोजा बोटांजवळ निघेना. शेवटी तो खेचून काढला. डाव्या पायाची बोटं पांढुरकी, मेणासारखी, कडक. भायने अंगठ्याच्या नखावर टिचकी मारली. टक् असा आवाज आला.

आम्ही दोघांनी तो आवाज आयुष्यभर ऐकला होता. मासा आतपर्यंत गोठला की नाही ते असंच बघतात.

"पुरा गेलाय," भाय म्हणाला. एखाद्या पेटीबद्दल बोलावं तितक्या शांतपणे.

"डॉक्टरकडे जाऊ."

"अर्बाबला काय सांगशील? बस खाली. हे आपलंच काम आहे."

आणि खरंच आम्हाला वाटलं की हे आपलंच काम आहे. गोठलेल्या गोष्टींबद्दल आमच्याइतकं कुणाला ठाऊक होतं? सुरमई गरम पाण्यात टाकली तर मांस सुटतं, काट्यापासून वेगळं होतं, भाव जातो. चांगला माल हळूहळू सोडवतात. आधी गार पाणी, मग साधं, घाई करायची नाही. मी न्हाणीघरातली बादली नळाच्या गार पाण्याने भरून आणली. भायने पाय तिच्यात सोडला. पाणी आणखी गार पडलं की मी बदलत होतो, तेही गारच. मधूनमधून तो वाकून अंगठ्याने बोटं दाबून बघायचा, मऊ पडली का. आम्ही बरक्यात मोठ्या ऑर्डरीचा माल सोडवताना बसतो तसेच बसलो होतो, फक्त हा माल त्याला जोडलेला होता. मी एक-दोन विनोद करून पाहिले. तो म्हणाला, "पाण्याकडं बघ."

बोटं मऊ झाली. आम्हाला वाटलं, जमलं.

सकाळी ती जांभळी झाली होती आणि त्यांवर टपोरे फोड आले होते. भायने फडकं गुंडाळलं, वर मोजा, वर बूट चढवला आणि सरळ चालून दाखवलं. दुखत नव्हतं, त्यामुळे लंगडण्याचंही कारण नव्हतं. त्या दिवशी शुक्रवार होता. अर्बाबला शहरातल्या मोठ्या जुन्या मशिदीत नमाज पढायचा होता.

हात-पाय धुण्याचे नळ तिथे अंगणात होते. पाणी वाफाळत होतं. नळांसमोर दगडी बैठका. मी सगळ्यांचे कोट, अर्बाबची जपमाळ आणि माझी चिंता घेऊन बाजूला उभा राहिलो. अर्बाब एका बैठकीवर बसला आणि शेजारची बैठक हाताने झटकून भायला म्हणाला, "बैठो."

भाय बसला. हात धुतले, तोंड धुतलं, डोक्यावरून ओला हात फिरवला. मग बुटाकडे बघत थांबला. मला वाटलं, आता काहीतरी निमित्त सांगेल. प्रवासात सूट असते, आजाऱ्याला सूट असते, हे मलासुद्धा ठाऊक होतं. पण सूट घ्यायची तर आजारी आहे हे म्हणावं लागतं. इतक्या वर्षांत डॉक्टरसमोर तो किती वेळा नाही म्हणाला होता. इथे, या नळासमोर, त्याला पाय लपवणं जमलं नाही. त्याने बूट काढला, फडकं सोडलं आणि पाय नळाखाली धरला.

अर्बाब स्वतःचा पाय धूत होता. त्याची नजर पडली. त्याचा हात थांबला. पाणी तसंच वाहत राहिलं.

"ये कब हुआ?"

"कल."

"दुखता नहीं?"

भायने नळ बंद केला. "नहीं अर्बाब," तो म्हणाला. "बहुत साल से नहीं दुखता."

अर्बाबने खाली वाकून स्वतःच्या खांद्यावरच्या पंच्याने भायचा पाय पुसला. भाय पाय मागे ओढायला बघत होता, तर अर्बाबने घोटा घट्ट धरून ठेवला. दोघे आत जाऊन नमाज पढून आले. बाहेर आल्यावर अर्बाब मला म्हणाला, "यल्ला. हॉस्पिटल."

तिथला डॉक्टर तरुण होता. त्याला तुर्की येत होतं, आम्हाला नाही. तो फोनमध्ये बोलायचा आणि फोन इंग्रजीत आम्हाला सांगायचा. पहिल्यांदा विचारलं ते हेच, गोठल्यावर तुम्ही काय केलं. मी बादलीची गोष्ट सांगितली. डॉक्टरने माझ्याकडे, मग भायकडे पाहिलं आणि फोनमध्ये थोडंसं बोलला. फोन निर्विकारपणे म्हणाला, कोमट पाणी हवं होतं, ताबडतोब, हळूहळू सोडवल्याने जास्त नुकसान होतं.

भायला इंग्रजी फारसं समजत नसे. "काय म्हणतो?"

"म्हणतो, पाय चांगला आहे, थंडी वाईट आहे."

"नाटक्या, खोटं बोलताना तुजा आवाज बारीक होतो."

मग मी खरं ते सांगितलं. त्याने ऐकून घेतलं. खिडकीतून त्या पांढऱ्या डोंगराकडे पाहिलं. तिथे अजून रंगीत ठिपके खाली घसरत होते. "सुरमई असती तर वाचली असती," तो म्हणाला.

परतीच्या प्रवासात विमानतळांवर त्याची चाकाची खुर्ची अर्बाबने स्वतः ढकलली. माझ्या हाती देईना. कामगाराला ढकलणारा मालक बघून लोक वळून बघत, आणि खुर्चीत भाय इतका अवघडून बसलेला, जणू त्यालाच कुणीतरी चोरी करताना पकडलं होतं.

मस्कतच्या हॉस्पिटलात आधी बोटं काढली. अर्बाब रोज यायचा. येताना बरक्याचा हलवा आणायचा आणि साखरेमुळे भायला तो खाता येत नसल्याने मीच संपवायचो. पहिल्या आठवड्यात अर्बाब म्हणत होता, काही हरकत नाही, माझी खजुराची बाग आहे, तू तिथे बस, माणसांवर लक्ष ठेव. इन्शाल्ला सगळं नीट होईल. भाय म्हणायचा, "बघू." माझ्याजवळ मात्र म्हणाला, "माड नाय, नुसता खजूर. तिथं बसून मी लक्ष कुणावर ठेवू, कावळ्यांवर?" पण त्याने नाही म्हटलं नव्हतं. त्याच्या डोळ्यांत मला ते दिसत होतं, की बाग तर बाग, स्वतःच्या पायाने निघेपर्यंतची सोय झाली.

जखम भरेना. साखर तिला भरू देत नव्हती. मग पाऊल काढलं. मग घोट्याच्या वर. प्रत्येक वेळी अर्बाब बागेबद्दल थोडं कमी बोलायचा आणि एक दिवस बोलायचा थांबला. शेवटी कंपनीच्या डॉक्टरने कामाला अयोग्य असं लिहून दिलं. त्यात लिहिण्यासारखं काही उरलं नव्हतंच. अर्बाब त्या दिवशी पलंगाच्या पायथ्याशी बसला, जिथे पाऊल असायला हवं होतं तिथे चादरीवर हात ठेवून. म्हणाला, "तुमने मुझे बोला क्यों नहीं?"

"बोलता तो आप ले नहीं जाते," भाय म्हणाला. "और इधर रखते भी नहीं."

 

भाय कायमचा गावी जायच्या आदल्या दिवशी दुपारी मी त्याला दार्सैतच्या माझ्या घरून गाडीत घालून बरक्याला नेलं. त्याला कोल्ड स्टोअर बघायचं होतं. बाजारातले हमाल, कापणारे, बर्फवाले, सगळे जमले. काहींनी मला खूण केली की काहीतरी कर, हसव. मी करणार होतो. कुबड्या हातात घेऊन मरायचा एक नवा प्रवेश मी गाडीतच मनात बसवला होता. पण भायने माझ्याकडे पाहिलं आणि मी तो तसाच ठेवून दिला.

"मी आत जातो," तो म्हणाला. "तू बाहेर रव."

"कशाला? कुबडी घसरेल."

"नियम आहे ना. एक आत, एक बाहेर."

मी कडी उघडली. पांढऱ्या वाफेत तो कुबड्या टेकत आत गेला. जाकीट नव्हतं, साधा शर्ट, उरलेल्या पायात चप्पल. मी दार लावलं आणि बाहेर उन्हात उभा राहिलो. भायच्या धाकट्या मुलीचा सकाळीच फोन आला होता. बाबांचा पाय मी बघेन, रोजची पट्टी मीच करेन, कॉलेजात तेच शिकवतायत, असं ती मला समजावत होती, जणू काळजी मला करायची होती. मी हो हो म्हणत राहिलो होतो.

मी दोन थापा मारल्या. लगेच उत्तर आलं, दोन थापा. थोडा वेळ थांबून पुन्हा मारल्या. उत्तर आलं. तिसऱ्यांदा मारल्या आणि उत्तर आलं नाही.

भायच्या चेहऱ्यावर पूर्वी जे दिसायचं ते त्या क्षणी माझ्या चेहऱ्यावर आलं असावं, कारण हमाल दोन पावलं मागे सरकले. मी कडीला हात घातला. तेवढ्यात आतून, अगदी दाराला तोंड लावून बोलल्यासारखा, त्याचा आवाज आला.

"नाटक्या, दार उघड. मना थंडी वाजतंय."

इतक्या वर्षांत हे वाक्य मी त्याच्या तोंडून ऐकलं नव्हतं. मी दार उघडलं. तो उंबऱ्याशीच उभा होता, ओठ निळे, खांदे थरथरत होते, एका पायावर. मी माझा शर्ट काढून त्याच्या अंगावर घातला, तो घामाने ओला होता, पण गरम होता. त्याने तो ओढून घट्ट धरला. मग आम्ही दोघे उन्हात एका उपड्या पेटीवर बसलो. त्याची थरथर थांबेपर्यंत आम्ही तिथून उठलो नाही.